एका चार्जमध्ये चौदा काप

चाकणला नोकरी करणाऱ्या कुणालाही ‘लाकूड’ म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर झाड येणारच नाही. पॅलेट येईल! फोर्कलिफ्टच्या दातांवर बसलेलं, फिकट पिवळं, पाइनच्या फळ्यांचं. कडेला गव्हाच्या लोंबीचा काळा शिक्का आणि त्यात ‘एचटी’ ही दोन अक्षरं. म्हणजे हे लाकूड पार गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलंय, आत किडा जिवंत नाही, आता खुशाल बोटीत चढवा. अशा पॅलेट्सवर बसून परदेशी जाणारे पार्ट्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली सहा वर्षं प्रोसेस इंजिनिअर आहे. लाकडाशी माझा संबंध एवढाच. फार तर शनिवारी टीमबरोबर तळेगाव रोडला चुलीवरचं मटण खायला गेलो, की ढाब्याबाहेर रचलेला ओंडक्यांचा ढीग. फोटोपुरता.

मग मागच्या मे महिन्यात निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरासमोरचं सुबाभळीचं झाड पडलं.

वळवाचा पाऊस होता. अर्धा तास नुसता वारा, मग ‘कर्रर्र’ असा एक लांबलचक आवाज आणि लाइट गेली. झाड अर्धं रस्त्यावर, अर्धं आमच्या कंपाउंडमध्ये. महापालिकेच्या ‘सारथी’ला फोन लावला. रात्री अकराला अग्निशमन दलाची माणसं आली, पेट्रोलवरच्या करवतीने रस्त्यावरचा भाग वीस मिनिटांत मोकळा केला आणि पुढच्या पत्त्यावर गेली. त्या रात्री त्यांच्याकडे पत्त्यांची रांगच होती. दुसऱ्या दिवशी उद्यान विभागात जाऊन रीतसर कळवून आलो. (झाड तुमचं असलं, तुमच्याच जागेत असलं, तरी शहरात त्याला हात लावण्याआधी विचारावं लागतं. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. पडलेल्या झाडाबाबतही आधी कळवलेलं बरं.) आता आतला भाग आमचा. अठ्ठावीस फुटांचा बुंधा, फांद्या वेगळ्याच. मोगऱ्याच्या कुंड्यांवर आडवा झालेला.

सुबाभूळ हे कौतुकाचं झाड नाही. आंबा पडला असता तर गल्लीतल्या बायका भेटायला आल्या असत्या. सुबाभूळ पडल्यावर शेजारचे काका म्हणाले, ‘‘बरं झालं, कचरा फार करायचं.’’ पण एके काळी याच झाडाची केवढी क्रेझ होती! उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ने, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने, ते शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. झपाट्याने वाढतं, पाला जनावरांना, लाकूड चुलीला, वर मुळांतून जमिनीला नत्र. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणात सुबाभूळ लावण्याची लाटच होती. पुढे ते नको तिथे, नको तितकं उगवायला लागलं आणि लोकांनी तोंड फिरवलं. अण्णांनी 1988 मध्ये, घराचा पाया खणला त्याच पावसाळ्यात, फुकट मिळालेलं रोप लावलं होतं. घर आणि झाड एका वयाचं. मी दोघांपेक्षाही लहान.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये. हाताने कानस चालवून दोन पृष्ठभाग असे बसवायचे, की मधून उजेड दिसता कामा नये. अशा माणसाला मागच्या दिवाळीत हार्ट अ‍ॅटॅक आला. दोन स्टेंट. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पंपिंग पस्तीस टक्के आहे. जिना सावकाश, वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. अण्णांनी तेव्हा मान डोलावली. पण दारात अठ्ठावीस फुटांचा ओंडका पडल्यावर कुठला डॉक्टर आणि कुठली मान!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी बाहेर पडले, तर अण्णा अंगणात. एका हातात करवत, दुसरा हात छातीवर नाही, कमरेवर. पण मी आधी छातीवरच पाहिला. आईने त्याच दिवशी कुऱ्हाड पिठाच्या डब्यामागे लपवली. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात फक्त एकच विषय. दादा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर सांगायचा, ‘‘कुणाला तरी पैसे देऊन टाका ना, विषय संपवा.’’ एक लाकूडवाला येऊन गेलाही. म्हणाला, तोडणावळ नको, लाकूड सगळं माझं. अण्णा म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं पाणी मी घातलं.’’ (चाळीस झालेली नव्हती. पण कोण बोलणार?) आई रात्री झोपताना गेटला आतून कुलूप घालायला लागली. चोरांसाठी नाही.

भांडण लाकडाचं नव्हतंच हो. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आमच्या मेंटेनन्सचा एक इंजिनिअर आहे. मूळचा जुन्नरकडचा, शनिवार-रविवार गावच्या शेतावर. कॅन्टीनमध्ये मी हे रडगाणं गायले, तर सोमवारी त्याने एक काळी पेटी माझ्या टेबलाखाली सरकवली. आत बॅटरीवरची चेन सॉ. दहा इंची पट्टी, दोन बॅटऱ्या, चार्जर, तेलाची छोटी बाटली आणि गॉगल. ‘‘पेट्रोलवाली नको घेऊस,’’ तो म्हणाला. ‘‘दोरी ओढून ओढूनच दमशील. ही ड्रिल मशीनसारखी आहे. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद.’’

आता इंजिनिअरच्या हातात बॅटरी आली की तो आधी हिशेब करतो. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर. गुणाकार केला की 90 वॉट-अवर. घरातला साधा 75 वॉटचा पंखा यावर जेमतेम सव्वा तास फिरेल. एक लिटर पेट्रोलमध्ये याच्या जवळजवळ शंभरपट ऊर्जा असते. म्हणजे कागदावर हा सामना सुरू होण्याआधीच संपला! पण पेट्रोल इंजिन त्यातला बहुतेक भाग उष्णता, धूर आणि आवाजात उधळतं, आणि दोन कापांच्या मध्येसुद्धा पीत राहतं. बॅटरी मात्र चेन थांबली की थांबते. त्यामुळे प्रत्यक्षात काय झालं, तर आठ-नऊ इंच जाडीच्या ओल्या सुबाभळीत एका चार्जमध्ये चौदा काप. मोजलेत. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून मोजलेत, म्हणजे वादच नाही.

(एक सूचना, कारण तुमच्यापैकी अर्धे जण आत्ता फोनवर शोधायला लागले असणार. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त छोट्या करवतींवर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असं छापलेलं असतं. तो व्होल्टेजचा आकडा नव्हे. आत बहुतेक वेळा पाचच सेल असतात आणि पाच लिथियम सेल म्हणजे 18 व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना 21. पेटीवर ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असेल तरी तेच. डब्यावरच्या आकड्याला भुलू नका.)

गंमत म्हणजे ही करवत नवीन वाटते, पण ती फिरून मूळ पदावर आलीय. जर्मनीत आंद्रेआस स्टिलने 1926 मध्ये आपली पहिली चेन सॉ बनवली, ती विजेवरचीच होती. आणि चांगलीच जड! दोन माणसांनी दोन टोकांना धरायची आणि जंगलात वायर ओढत न्यायची. त्याची पेट्रोलवरची आली 1929 मध्ये. त्याच्या कंपनीची पेट्रोलवरची करवत एका माणसाला एकट्याने चालवता येईल अशी व्हायला 1950 उजाडलं. आणि चेनचे आजचे दात आहेत ना, ते एका अळीचे आहेत. अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये एका खुंटात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत आडव्या-उभ्या कुठल्याही धाग्यातून सहज पुढे जात होती. त्याने तसेच दात चेनवर बसवले, एक डावा, एक उजवा. ही गोष्ट अण्णांना सांगितली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या पेटीकडे नीट पाहिलं. तोवर ते तिला ‘खेळणं’ म्हणत होते.

रविवार ठरला. गुरुवारी मला रजा मिळत होती, पण गुरुवारी लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही आणि चार्जर लाइटवरच चालतो. अटी आईने घातल्या. करवत मी धरायची. अण्णांनी खुर्चीवर बसायचं. खुर्ची मोगऱ्याच्या पलीकडे, दहा पावलांवर. अण्णांनी सगळ्या अटी मान्य केल्या, हेच मला संशयास्पद वाटलं.

सेफ्टी शूज होतेच, रोजचेच. गॉगल, जीन्स, केस बांधलेले, ओढणीचा प्रश्न नाही. दोन्ही हातांनी धरायची. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू द्यायचा नाही, नाहीतर करवत उसळून सरळ तोंडाकडे येते. चेनला हात लावायचा तर आधी बॅटरी काढायची. पेट्रोलची करवत ओरडत असते म्हणून माणूस सावध असतो. ही गप्प बसते. गप्प बसलेली मशीन ‘बंद’ नसते, हे आमच्या लाइनवर ट्रेनी मुलांना मीच सांगत असते.

मी बुंध्याच्या मधोमध करवत टेकवणार, इतक्यात खुर्चीवरून आवाज, ‘‘थांब. तो पूल आहे.’’

पूल? बुंधा दोन टोकांना टेकलेला होता. एकीकडे मुळांचा गड्डा, दुसरीकडे जाड फांदी, मध्ये अधांतरी. ‘‘वरून कापत गेलीस तर काप मिटेल आणि पट्टी आत चिमटून बसेल. वरून एक तृतीयांश घे. मग खालून वर ये.’’ आणि पलीकडचं टोक दाखवून, ‘‘तो हात आहे. तिथे उलटं. आधी खालून थोडं, मग वरून.’’

सेकंड इयरला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये मी हेच शिकले होते. सिम्पली सपोर्टेड बीम, कॅन्टिलिव्हर, वरचे धागे दाबात, खालचे ताणात. बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढून डिस्टिंक्शन मिळवलेलं. अण्णांनी यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. पूल आणि हात, झालं! मी वरून एक तृतीयांश घेतलं, खालून वर आले, आणि पांढरट-पिवळा भुसा बुटांवर सांडत असताना ओंडका ‘टक्’ आवाज करून सुटला. इतका स्वच्छ, की अण्णा खुर्चीतून उठले. आई खिडकीतून म्हणाली, ‘‘बसा.’’ ते बसले.

चौथ्या कापाच्या आधी मात्र ते बसले नाहीत. ‘‘इथे खिळा आहे,’’ म्हणाले. कुठे? साल अगदी गुळगुळीत. ‘‘तुझ्या आईने दोरी बांधायला ठोकला होता. तुझ्या जन्माच्या वेळी, लंगोट वाळत घालायला. झाडाने गिळला.’’ आत जाऊन त्यांनी जुन्या स्पीकरमधला एक लोहचुंबक आणला, त्याला शिवणाचा दोरा बांधला आणि तो सालीलगत हळूहळू सरकवत नेला. छातीला डॉक्टर तपासतात ना, तसा. माझ्या खुणेपासून चार बोटांवर चुंबक तिरका झाला आणि सालीला चिकटला. अण्णांनी खडूने फुली मारली. थोडं सरकवून मी दुसरीकडे कापलं. त्या खिळ्यावर चेन गेली असती, तर उसन्या करवतीचे दात एका सेकंदात बोथट झाले असते.

माझ्या हातात हत्यार असणं आमच्या घरात नवीन होतं, हे इथे सांगायला हवं. लहानपणी अण्णांची पेटी उघडली की दादाला ‘हे धर’ आणि मला ‘हात कापशील’. त्यात दुष्टावा काही नव्हता. रीतच तशी. दादा कॉमर्सला गेला, मी मेकॅनिकलला. तरी पेटीचे नियम बदलले नाहीत. गेली सहा वर्षं मी रोज बसमधून चाकणला जाते, तिथे टॉर्क, क्लिअरन्स, रिजेक्शन असलं काहीबाही करते, आणि घरी आल्यावर अण्णा विचारतात, ‘‘बस वेळेवर आली का?’’

चौदा काप झाले की बॅटरी संपायची. दुसरी लावायची, पहिली चार्जिंगला. अठ्ठावीस काप झाले की मात्र तासभर सक्तीची विश्रांती. हा तास मला फार आवडला. पेट्रोलवाली असती, तर टाकी भरून पुढे चालू पडले असते, कानात दडे बसले असते. इथे आम्ही दोघं ओंडक्यांवर बसलो होतो. आईने ताक आणलं. ओल्या सुबाभळीचा हिरवट वास सगळीकडे. आणि अण्णांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे बोल्टचा टॉर्क कसा तपासता? पान्याने, की मशीनच सांगतं?’’

मी सांगितलं. मशीन आकडा आणि कोन दोन्ही नोंदवतं. ठरलेल्या कोनाच्या आत टॉर्क चढला नाही, तर लाइन थांबते. ‘‘आणि आटा खराब असेल तर? टॉर्क येईल, पण बोल्ट बसलेला नसेल.’’ म्हणूनच तर कोन बघायचा! मी भुशात काडीने आलेख काढून दाखवला. अण्णा बराच वेळ त्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘आम्ही हाताला कळेपर्यंत आवळायचो.’’ आणखी थोड्या वेळाने, ‘‘आता हाताला कळत नाही. डावा हात जरा बधिर असतो.’’

ही बधिरपणाची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. दिवाळीपासूनची होती. आई ताकाचा तांब्या घेऊन उभी होती, तिनेही ऐकली. सोमवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. ते निघालं मानेच्या मणक्यातलं, हृदयाचं नाही. हुश्श! पण सहा महिने ते गप्प राहून काय समजत होते, ते आम्ही विचारलं नाही.

दोन रविवारांत अठ्ठावन्न ओंडके झाले. बुंध्याचा तळ फूटभर रुंद, पट्टी दहा इंची, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी कापावं लागलं. मला वर्तुळं मोजायची होती, घराचं वय ताडून बघायला. पण वर्तुळं स्पष्ट दिसेनातच. आपल्याकडच्या सगळ्याच झाडांत ती सागासारखी नीट उमटत नाहीत. फक्त मध्ये गडद तांबूस गाभा आणि भोवती फिकट पट्टा.

लाकूड आत्याकडे गेलं. आमचं गाव खेड तालुक्यात, चाकणच्या पलीकडे. निम्मी जमीन कारखान्यांखाली गेली, पण आत्याचा तांब्याचा बंब शाबूत आहे आणि आंघोळीचं पाणी त्यातच तापतं. हल्ली ती त्यात मोडकी पॅलेट्स घालायची. कंपन्यांच्या मागे पडलेली असतात, कुणीही आणून देतं. त्यांच्यात खिळे असतात, हे सोडून द्या. पण शिक्क्यात ‘एचटी’ऐवजी ‘एमबी’ असेल, तर ते लाकूड मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असतं. ते जाळू नये. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘‘मला काय एबीसीडी वाचता येते होय?’’ आता पावसाळाभर ओंडके तिच्या पडवीत वाळतील. हिवाळ्यात बंबात जातील. खडूची फुली असलेला ओंडका अण्णांनी तेवढा पाठवला नाही. तो आमच्या गेटपाशी उभा आहे. त्यावर बसून ते पेपर वाचतात.

करवत परत करायच्या आदल्या रात्री अण्णांनी चेन उतरवून घेतली. बॅटरी आधी काढली, न सांगता. व्हाइस, चाळिशीचा चष्मा, चार मिलिमीटरची गोल कानस. वीस दात, दहा डावे, दहा उजवे. 30 अंशाच्या कोनात प्रत्येक दाताला दोन घाव, तिसरा नाही, कानस फक्त पुढे जाताना टेकवायची, मागे येताना उचलायची. यात जोर लागत नाही. डॉक्टरांच्या कुठल्याही यादीत हे बसत नव्हतं. सहा दात झाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘डावा हात थरथरतो. उरलेले तू कर. मी कोन बघतो.’’

चौदा दात मी केले. दोनदा त्यांनी ‘अंहं’ म्हटलं आणि माझं मनगट दोन बोटांनी वळवलं.

सोमवारी पेटी परत केली. बुधवारी जुन्नरवाला माझ्या टेबलाशी. ‘‘नवी होती तेव्हा एवढी धार नव्हती हिला. कुठे केली?’’ मी सांगितलं. त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आणखी दोन चेन काढल्या. एक त्याच्या भावाची, एक शेजाऱ्याची. अण्णांनी त्या पाहिल्या, दात मोजले आणि म्हणाले, एका चेनचे शंभर रुपये घ्यायचे, फुकट काम करायचं नाही. पन्नास त्यांचे, पन्नास माझे.